टीव्हीवरचा साहसवीर स्काउटच्या मुलांपुढे ठेवावा का?

प्रश्न: पथकातली सातवी-आठवीची मुलं टीव्हीवर जंगलात जगण्याची साहसं करणाऱ्या बेअर ग्रिल्सवर फिदा आहेत. सिंहगडच्या शिबिरात त्याच्या कार्यक्रमाचे भाग दाखवावेत का?

गडवाट: जरूर दाखवा, पण मध्ये थांबवून बोला. २००९ ते २०२४ तो ब्रिटनचा चीफ स्काउट, म्हणजे तिथल्या स्काउटांचा प्रमुख होता, मुलांना बाहेर काढण्याची त्याची ताकद खरी आहे. मात्र कॅमेऱ्यामागचं पथक मुलांना दिसत नाही, तिथे घात होतो.

रानवाटा: तो लघवी पितो त्या दृश्यावर तर बोलाच, सर. त्यातले क्षार बाहेर टाकायला मूत्रपिंडांना आणखी पाणी लागतं, कोरड वाढतेच. त्याऐवजी गढूळ पाणी चारपदरी सुती कापडातून गाळून, खळखळून उकळी आल्यावर पूर्ण १ मिनिट उकळायला शिकवा. थकलेल्याला १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

दोरगाठ: त्याच्या उड्यांची नक्कल पावसाळ्यात जीवघेणी. शेवाळलेल्या कातळावर बुटाची पकडच राहत नाही. वाट चुकली तर जागीच थांबून मिनिटात ६ शिट्ट्या, १ मिनिट शांतता, पुन्हा ६. हे टीव्हीवर कंटाळवाणं दिसेल, पण शोधणाऱ्यांना दिशा यातूनच कळते.

प्रश्नकर्ता: शिट्ट्यांचा सराव पहिल्याच संध्याकाळी ठेवतो.