हिच बॉल 50 मिमीचा की 2 इंची? कपलरवरचा शिक्का वाचता येत नाही

चारचाकी_दोनचाकी
जुना एका आसाचा ट्रेलर घेतला आहे. सामान भरून एकूण वजन 1400 किलोपर्यंत जाईल. कपलरवरचा (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, गाडीमागच्या हिच बॉलवर बसणारी वाटी) शिक्का गंजात गेलाय. सोबत मिळालेला बॉल आत बसतो, खटकाही लागतो, पण हाताने हलवलं की थोडा खडखडतो. 50 मिमी आणि 2 इंच एकच, असं सांगणारे बरेच भेटले. ते खरं आहे का? आणि जाड दांड्याचा (बॉलखालचा आट्यांचा भाग) बॉल लावला तर जास्त वजन ओढता येईल का?

नटबोल्ट
एकच नाही. 2 इंच म्हणजे 50.8 मिमी. फरक पाऊण मिलिमीटरचा वाटतो, पण कपलरच्या आतली पकड तेवढ्यावरच अवलंबून असते. 50 मिमीच्या कपलरमध्ये 2 इंची बॉल घातला तर खटका पुरता खाली बसत नाही, किंवा जोर लावून बसवावा लागतो. उलट केलं तर जागा सैल राहते आणि प्रत्येक खड्ड्यात बॉल आपटत राहतो.

याहून घातक जोडी म्हणजे 2 इंची कपलरखाली 1 इंच 7 सुती बॉल (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). खटका लागतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि गतिरोधकावर कपलर उचलून सुटतो. खटका लागला म्हणजे माप जुळलं, असं कधीच समजू नका. तिसरं माप 2 इंच अडीच सुताचं, ते जड ट्रेलरसाठी.

आधी तारेच्या ब्रशने कपलरचा वरचा भाग आणि दोन्ही बाजू घासा. माप आणि वजनाची मर्यादा तिथेच कोरलेली असते. बॉल व्हर्नियरने मोजा, दोऱ्याने किंवा पट्टीने नाही. झीज मुख्यतः पुढे-मागे होते, म्हणून व्यास दोन दिशांनी घ्या. 50 मिमीचा बॉल कुठेही 49 पर्यंत उतरला असेल तर तो भंगारात.

ओढणारा
दांड्याबद्दल: जाड दांड्याच्या बॉलची क्षमता साधारणपणे जास्त असते, पण ट्रेलर ओढायची मर्यादा ठरते ती साखळीतल्या सर्वांत कमकुवत कडीवरून. गाडी, हिच (गाडीमागची ओढायची चौकट), बॉल माउंट (हिचमध्ये बसणारी, बॉल धरणारी पट्टी), बॉल, कपलर या पाचांवरचे आकडे बघा, सर्वांत लहान तोच तुमचा. तुमच्या 1400 किलोला 2000 पौंडांचा, म्हणजे 907 किलोचा बॉल चालणार नाही. 3500 पौंडांचा, म्हणजे साधारण 1588 किलोचा हवा.

माउंटचं भोक दांड्यापेक्षा अर्ध्या सुताहून, म्हणजे 1.6 मिमीहून मोठं नको. मोठं असेल तर माउंट बदला. पत्र्याची गुंडाळी घालून भरू नका, आणि बॉलला वेल्डिंग तर अजिबात नको, तापवल्यावर पोलादाचा कस जातो.

नट घट्ट करायला टॉर्क रेंचच लागतो. पाऊण इंची दांड्याला साधारण 217 न्यूटन-मीटर, 1 इंचीला 339. बॉलसोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा. स्प्रिंग वॉशर माउंट आणि नट यांच्या मध्ये येतो. नट आवळल्यावर दांड्याचे आटे नटाच्या खाली दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर माउंटच्या जाडीला दांडा आखूड आहे.

चारचाकी_दोनचाकी
घासून पाहिलं. कपलरवर "50" आहे, मर्यादा 1500 किलो. बॉल दोन्ही दिशांनी 50.8.

नटबोल्ट
म्हणजे बॉल चुकीचा आहे. 50 मिमीचा, किमान 1500 किलोचा घ्या. पण खडखड फक्त बॉलमुळे नसेल: 50.8 च्या बॉलवर 50 चा कपलर घट्ट बसायला हवा. तो हलतोय म्हणजे खटक्याखालचा जबडा झिजला असावा, किंवा खटका पूर्ण बंद होत नसावा. नवा बॉल लावूनही हललाच, तर कपलर बदला.

जोडल्यावर एक चाचणी कराच. खटका बंद, पिन आत, मग ट्रेलरच्या पुढच्या जॅकने दांडी (कपलर बसवलेला ट्रेलरचा पुढचा दांडा) वर उचला. गाडीचा मागचा भाग दोन-तीन सेंटिमीटर वर आला पाहिजे आणि कपलर बॉलवरून सुटता कामा नये. सुटला तर तो जागच्या जागी सुटला, रस्त्यावर नाही, हे बरं. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी त्यांच्या झोळीत पडते.

ग्रीसवाला
ग्रीस पातळ थर देऊन, पण फक्त साध्या कपलरला. घर्षणाच्या पट्ट्यांनी डोलणं रोखणारा कपलर असेल तर बॉल कोरडा आणि रंगाविना हवा. तेल लागलं की त्या पट्ट्या धरत नाहीत.

ओढणारा
माउंटची उंचीही आत्ताच मोजून घ्या, बॉलसोबतच लागेल. ट्रेलर सपाट जमिनीवर भरून पातळीत ठेवा, जमिनीपासून कपलरपर्यंत मोजा, मग गाडीच्या हिचपर्यंत. फरकाइतकी उतरती किंवा चढती माउंट घ्यायची.