रोजची उपकारस्तुती : साक्ष नको, पद्धत सांगा

उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार मानणं. देवाने आपल्यासाठी काय केलं त्याच्या साक्षीसाठी आठवडासभा आहेच. इथे फक्त कृती लिहा: कधी, किती वेळ, काय म्हणता, आणि गाडी कुठे अडते. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळ्यांनी लिहा.

वसईकर

रात्रीचं आत्मपरीक्षण. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलाच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत आणि पहिली पायरी पापाची नाही, आभाराची आहे. उपकार आठवायचे, मग पाप ओळखायला कृपा मागायची, मग सकाळपासून तासातासाने दिवस तपासायचा, मग क्षमा, शेवटी उद्यासाठी निश्चय. पंधरा मिनिटं पुरतात. त्यातली चार-पाच पहिल्या पायरीला द्यायची. बहुतेक जण थेट चुकांवर उडी मारतात आणि उरलेल्या मिनिटात आभार उरकतात. मग रोजची प्रार्थना म्हणजे हजेरी आणि छड्या.

आभार मोघम असला की तीन दिवसांत शिळा होतो. 'आरोग्य, कुटुंब, नोकरी' ही यादी चौथ्या रात्री तोंडपाठ, आणि पाठ झालं की मन दुसरीकडे. त्याऐवजी आजच घडलेलं असं काहीतरी धरा: वसईला चढूनही खिडकी मिळाली, डाळ करपता करपता वाचली, साहेबांनी सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन सांगितलं. रोज तीन पुरेत, पण काल म्हटलेलं आज नाही. अंथरुणात पडून करू नका, दुसऱ्या पायरीलाच घोरणं सुरू होतं. जेवणाआधी, खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून.

नगरची माहेरवाशीण

कौटुंबिक प्रार्थनेसाठी बायबलमधलं स्तोत्र 136. सव्वीस वचनं, प्रत्येकाच्या शेवटी 'कारण त्याची दया सनातन आहे'. एकाने पहिला अर्धा भाग वाचायचा, उत्तर सगळ्यांनी द्यायचं. वाचता न येणारं पोरही दुसऱ्या दिवशी सामील होतं. स्तोत्र संपलं की त्याच चालीवर घरच्या ओळी: 'बोअरला पाणी लागलं', सगळे: 'कारण त्याची दया सनातन आहे'. माणशी एकच ओळ.

हा नियम मोडतात ते घरातले मोठे. 'हे दयाळू स्वर्गीय पित्या, तू आम्हांला आजचा दिवस दाखविलास' इथून सुरुवात झाली की वीस मिनिटांची निश्चिंती आणि पोरं झोपलेली. लांब प्रार्थना पहाटे एकट्याने करावी, तिला कुणाची ना नाही.

जपमाळवाली

रोजची जपमाळ. तिच्यात येशू-मारियेच्या जीवनातल्या घटनांवर, म्हणजे रहस्यांवर, मनन करायचं: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्ये, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी 2002 पासून आलेली प्रकाशाची. पाच दशकांना (दहा-दहा मण्यांच्या पाच भागांना) वीस मिनिटं लागतात. प्रत्येक दशकाआधी एका माणसाचं नाव घ्यायचं, ज्याचं आज आपल्यावर ऋण झालं: दूधवाला, रात्रपाळीची नर्स, सासूबाई. मग ते दहा मणी त्याच्यासाठी. पाच दशकं, पाच माणसं. गर्दीत माळ काढता येत नसेल तर दहा बोटं आहेतच.

बिघाड एकच, वेग. घरात दोन गट करून म्हणताना पहिल्या गटाचं 'नमो मारिया' (मण्यामण्याला म्हणायची प्रार्थना) संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. एकाने पुढे होऊन प्रत्येक वेळी एक श्वास थांबावं, बाकीचे आपोआप थांबतात.

पुणे कॅम्प

दुःखात काय करायचं तेही लिहायला हवं. बायबलमधल्या प्रेषित पौलाचं वाक्य 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं आहे. स्थिती*त*, स्थिती*बद्दल* नव्हे. मयताच्या घरी जाऊन 'देवाचे आभार माना' म्हणणाऱ्यांनी हा प्रत्यय नीट वाचावा. अशा दिवसांसाठी स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं: दोन तक्रारीची, दोन मागणीची, दोन भरवशाची. त्याच मापाने आपली सहा वाक्यं करायची. शेवटची दोन येत नसतील तर चारवर थांबा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

पंचकमिटी

हातातून न गेलेला आभार ओठांवरच राहतो. पगार आला त्याच दिवशी मंडळीचा (चर्चचा) वाटा वेगळ्या पाकिटात. महिनाअखेरीस उरलं तर देऊ म्हणणाऱ्याचं कधीच उरत नाही. पिकाच्या सणाला घरचं पहिलं आणा: कणसं, भोपळा, अंडी. विकतचं आणलं तरी चालतं, पण निवडून, टाकाऊ नको. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो, त्यात एका नारळावर ईर्ष्या पेटते आणि देवाचं बाजूला राहून मान कुणाचा यावर येतं. बोली लावणाऱ्याचं नाव न पुकारता नुसता आकडा पुकारला तर निम्मी ईर्ष्या तिथेच विझते.

पेटीवाला

आठवड्याला एकच गीत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं अभंगाच्या वळणाची, भजनी ठेक्यात सहज बसतात. सोमवारी पहिलं कडवं, रोज एक वाढवत जा, रविवारी पुस्तक मिटून म्हणा. सकाळी गळा बसलेला असतो, तेव्हा चर्चमधल्या पट्टीपेक्षा दोन स्वर खाली धरा. वर ओढलं की शब्द जातात, नुसता आवाज उरतो.

नगरची माहेरवाशीण

एकट्याने वाचायला: रोज पाच स्तोत्रं, तारखेप्रमाणे. आज 7 असेल तर 7, 37, 67, 97, 127. तीस दिवसांत दीडशे पूर्ण. मोठ्याने वाचायचं.

पुणे कॅम्प

ताई, 29 तारखेला 119 येतं. 176 वचनं! तिथेच सगळ्यांची गाडी रुतते.

नगरची माहेरवाशीण

म्हणून ते त्या दिवशी घ्यायचंच नाही. त्याचे आठ-आठ वचनांचे 22 भाग आहेत. एक तारखेपासून दुपारच्या डब्याआधी एक भाग, 22 तारखेला संपतं. 29 ला मग चारच उरतात. 28 दिवसांच्या फेब्रुवारीत शेवटच्या दिवशी तीन बैठका करा. आणि 31 तारीख मोकळी असते, त्या दिवशी पोरांना निवडू द्या. बहुतेक 136 च निवडतात.