यंत्रांचे भाकीत चुकले, तरी इशारा खरा राहतो का? झाम्यातिन यांच्या ‘वी’ या कादंबरीविषयी एक प्रश्न

नदीकाठ

नमस्कार. आमच्या वाचनगटाने या महिन्यात येवगेनी झाम्यातिन यांची ‘वी’ (इंग्रजी We) ही रशियन कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली. १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या या कादंबरीतल्या एकसत्ताक राज्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची असून पडदे सोडायचे ते केवळ नेमून दिलेल्या तासापुरते, तेही गुलाबी चिठ्ठी दाखवल्यावर. निवेदक डी-५०३ हा अवकाशयान बांधणारा गणिती आहे आणि राज्यावर त्याची मनापासून श्रद्धा आहे.

चर्चेत एका तरुण सदस्याने दोन आक्षेप घेतले, आणि त्यांना मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पहिला असा, की इथली पाळत भिंतीतून दिसणाऱ्या माणसांवर आणि रस्त्यात बोलणे टिपणाऱ्या पातळ पटलांवर चालते. संगणकाची कल्पनाही नसलेल्या लेखकाचा तंत्रज्ञानाविषयीचा इशारा आपल्या काय कामाचा? दुसरा आक्षेप अधिक बोचरा होता. ही कादंबरी १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत निघाली, मात्र लेखकाच्या स्वतःच्या देशात ती छापली गेली १९८८ साली. ज्यांना सावध करायचे त्यांच्यापर्यंत जो पोहोचलाच नाही, त्याला इशारा तरी कसे म्हणावे? जाणकारांनी कृपया लिहावे.

मोजपट्टी

मी साहित्याचा अभ्यासक नाही. कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम केलेला माणूस आहे, त्यामुळे पहिल्या आक्षेपापुरतेच लिहितो.

झाम्यातिन हे जहाजबांधणीचे अभियंते होते. १९१६-१७ मध्ये रशियासाठी बर्फफोडी जहाजे बांधली जात असताना त्या कामावर देखरेख करायला ते इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला राहिले होते. यंत्राला भिऊन लिहिणारा हा लेखक नव्हे. आकडे आणि आराखडे यांचे सौंदर्य त्याला आतून ठाऊक होते, म्हणूनच डी-५०३ जेव्हा यंत्रांच्या तालबद्ध हालचालीवर मोहून जातो तेव्हा ते वर्णन खरे वाटते.

या कादंबरीतले मुख्य तंत्र मला काच वाटत नाही. ते वेळापत्रक आहे. सगळे क्रमांक एकाच मिनिटाला उठतात, एकाच वेळी घास उचलतात आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावतात. यामागचा माणूस खराखुरा आहे आणि कादंबरीत त्याचे नावही येते: अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर, ज्याने हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या एकेका हालचालीचा वेळ मोजला आणि १९११ साली त्याचे शास्त्र मांडले. लेनिन यांनी १९१८ मध्ये ही पद्धत अभ्यासून अमलात आणावी असे लिहिले. अलेक्सेई गास्तेव्ह या कवीने तर मॉस्कोत श्रमाचे शास्त्र शिकवणारी संस्थाच उभी केली. पुढे स्टालिनच्या काळात त्यालाच गोळी घातली गेली. म्हणजे झाम्यातिन यांनी भविष्याची कल्पना केली असे म्हणण्यापेक्षा, आजूबाजूला जे उत्साहाने सुरू होते ते शेवटापर्यंत नेऊन पाहिले असे म्हणावे लागेल.

मी स्वतः अनेक वर्षे टाइम स्टडी केली आहे. कामगार पाणी प्यायला गेला तर माझ्या तक्त्यात ती मिनिटे ‘अनुत्पादक’ या रकान्यात जात. तो रकाना मी भरत होतो आणि त्यात मला काही वावगे दिसत नव्हते. ही कादंबरी वाचल्यावर मला प्रथम तो रकाना आठवला.

अक्षरनाद

मोजपट्टी यांचा शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा आहे, आणि मला जे सुचवायचे आहे ते त्याच्याशी जोडलेले आहे.

या कादंबरीचे नाव मराठीत काय ठेवाल? मूळ रशियन शीर्षक ‘मी’ (मराठी ‘मी’ नव्हे, अर्थ ‘वी’चाच) याला काय किंवा इंग्रजी ‘वी’ला काय, समोरच्याला धरून बोलतो आहे की वगळून, हे सांगावे लागत नाही. मराठीत सांगावेच लागते. ‘आम्ही’ म्हटले तर ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले तर तो आत येतो. १९२९ च्या फ्रेंच अनुवादाने ‘नू ओत्र’ असे नाव घेतले. त्यात स्वतःला इतरांपासून वेगळे काढण्याचा सूर आहे, म्हणजे तो आपल्या ‘आम्ही’च्या जवळ जातो.

सुरुवातीला मला ‘आम्ही’च योग्य वाटत होते, कारण डी-५०३ हे टिपण परग्रहावरच्या अनोळखी वाचकांसाठी लिहितो आहे. पण ते यान कशासाठी चालले आहे ते पाहा. तिथल्या जीवांना बुद्धीच्या जोखडाखाली आणून सुखी करायचे आहे, आणि ते ऐकले नाहीत तर सक्तीने सुखी करायचे आहे. या राज्याला आपल्या बाहेर कोणी उरलेले सहनच होत नाही. त्याला जगातला प्रत्येक ‘आम्ही’ पुसून एकच ‘आपण’ करायचा आहे. मराठीत ‘आपण’ हा किती प्रेमळ शब्द आहे! घरातली वडीलधारी माणसे ‘आपण असे करू नये हं’ म्हणतात तेव्हा त्यात माया असते आणि हुकूमही असतो. सर्वंकष सत्ता बोलते ती याच स्वरात. कादंबरीतल्या सत्ताधीशाला ‘उपकारकर्ता’ म्हणतात, हे नाव लेखकाने उगीच निवडलेले नाही.

म्हणून माझ्या मते इथला इशारा अमुक यंत्र येईल असा नाही. पहिल्याच नोंदीत निवेदक ‘मला काय वाटते ते लिहीन’ असे म्हणतो आणि लगेच स्वतःला दुरुस्त करतो, की मला नव्हे, आम्हाला काय वाटते ते. ही दुरुस्ती त्याच्याकडून कोणी धाकाने करवून घेतलेली नाही, ती त्याने आपणहून केली आहे.

पिंपळपान

वरचे विवेचन आवडले, तरी एका बाबतीत मतभेद नोंदवतो. यंत्र कोणते हे गौण मानले की आपण फार लवकर मानसशास्त्राकडे वळतो. साधनाचा तपशील महत्त्वाचा असतो आणि साधन संगणकच असावे लागते असेही नाही.

नेदरलँड्सचे उदाहरण घ्या. तिथली लोकसंख्या नोंदणी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच अतिशय काटेकोर होती आणि तिच्यात प्रत्येकाचा धर्म लिहिलेला असे. त्यामागे कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि तीच व्यवस्थित कार्डे त्यांच्या हाती पडली. याकोबुस लेन्ट्स या तिथल्याच अधिकाऱ्याने, आपल्या कामाच्या अभिमानापोटी, बनावट करणे अत्यंत कठीण असे ओळखपत्र तयार करून दिले. सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक लोक मारले गेले. केवळ नोंदणीमुळे हे घडले असे कोणी म्हणणार नाही, पण माणसे शोधणे तिने सोपे केले. २७ मार्च १९४३ रोजी पोलिसांच्या वेशात काही जणांनी अॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरून कार्डे पेटवली. त्यांच्या म्होरक्यांत विलेम आरोंडेयस हा चित्रकार-लेखक आणि खेरिट फान देर फेन हा शिल्पकार होता. त्या हल्ल्यासाठी आरोंडेयससह १२ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. एका कार्डावरचा एक रकाना म्हणजे काय, हे त्या कलावंतांना नेमके कळले होते. मोजपट्टी यांच्या रकान्याला हा रकाना दूरचा नातेवाईक आहे, असे मला वाटते.

आता दुसरा आक्षेप. १९२९ मध्ये झाम्यातिन यांच्यावर वृत्तपत्रांतून मोहीम चालवली गेली, त्यांनी लेखक संघटनेचा राजीनामा दिला आणि १९३१ मध्ये थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली. लेखक मॅक्सिम गॉर्की यांच्या शब्दामुळे ती मिळाली. १९३७ मध्ये ते पॅरिसमध्ये वारले. आपले पुस्तक मायदेशी छापलेले त्यांनी पाहिले नाही. परंतु जॉर्ज ऑरवेल यांनी तो फ्रेंच अनुवाद मिळवून वाचला, जानेवारी १९४६ मध्ये त्यावर परीक्षण लिहिले आणि १९४९ मध्ये त्यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ प्रसिद्ध झाली. इशारा ज्याला द्यायचा त्याला पोहोचला नाही हे खरे आहे आणि त्याचे दुःख कमी करून सांगू नये. तो शेजारच्या घरात ऐकू गेला, इतके मात्र नक्की.

नदीकाठ

तिघांचेही मनापासून आभार. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा मुद्दा मी गटात वाचून दाखवला, तेव्हा आक्षेप घेणाऱ्या त्या सदस्याने एक सूचना केली. कादंबरीच्या शेवटी डी-५०३ च्या मेंदूतून कल्पनाशक्ती क्ष-किरणांनी जाळून टाकली जाते आणि चाळिसाव्या नोंदीत तो, आता आपल्या लिहिण्यात फक्त वस्तुस्थिती आहे, असे समाधानाने नोंदवतो. जिच्यावर प्रेम केले तिचा छळ तो शांतपणे बसून पाहतो. पुढच्या बैठकीत पहिली आणि चाळिसावी नोंद शेजारी शेजारी ठेवून, कोणत्या उपमा नाहीशा झाल्या त्यांची यादी करावी, असे त्याचे म्हणणे आहे. ते काम त्यानेच अंगावर घेतले आहे. यादी तयार झाली की इथे देईन.