मुलीला अन्नवाटपाच्या कामाचं मानधन मिळतं, ते तिनं घ्यावं का?

मंगळवारपेठेतली आई :
माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा संपली की मे महिन्यात ती महाद्वार रोडला कापडाच्या दुकानात कामाला जायची. यंदा तिनं एका संस्थेचं काम धरलंय. लग्नसराईत मंगल कार्यालयांत उरलेलं जेवण गोळा करायचं, तपासून डब्यांत भरायचं आणि संध्याकाळी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर, स्टँडवर, रेल्वे स्टेशनबाहेर वाटायचं. दोन महिने, रोज दुपारी 2 ते रात्री 9. महिन्याला 6,000 रुपये मानधन. दुकानात 8,000 मिळत होते, तरी तिनं हे निवडलं.

परवा घरी चुलत सासरे आले होते. जेवता जेवता तिला म्हणाले, "अन्नदानाचे पैसे घेतीस व्हय गं? मग ते दान कसलं?" पोरगी काही बोलली नाही. ताटात घेतलेलं तेवढं संपवलं आणि उठली. रात्री मला विचारते, "आई, पैसे परत देऊ का?"

मी नको म्हणाले. शिलाईवर आमचं घर चालतं, जूनमध्ये तिची फी भरायची आहे. आणि दान तर लग्नाच्या यजमानांनी दिलं, ही त्यासाठी उन्हात राबते. आचाऱ्याला, टेम्पोवाल्याला मजुरी देताना असा प्रश्न कुणी विचारत नाही. मग पोरीलाच का?

जुना बुधवार, निवृत्त शिक्षक :
ताई, तुमच्या मुलीबद्दल आदर ठेवून लिहितो. मला हे पटत नाही. मी बरीच वर्षं एन.एस.एस.ची (राष्ट्रीय सेवा योजनेची) पोरं घेऊन गावोगाव शिबिरं केली. 2019 च्या महापुरात पेठापेठांतून भाकरीचे गठ्ठे निघाले, तेव्हा कुणी मजुरी विचारली नाही. भुकेल्याच्या ताटात वाढताना मनात हिशेब नसावा, हे वळण याच वयात लागतं. एकदा मानधनाची सवय झाली की मानधन बंद, वाटपही बंद, अशी मला भीती वाटते. फीची अडचण असेल तर ती आपण सगळ्यांनी मिळून सोडवावी. ती वेगळी गोष्ट आहे.

कुंभोजचा :
सर, ती वेगळी गोष्ट कशी? आमच्या गावात 1887 साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हाच तिचा कणा केला. राबून शिकण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी बहुजनांच्या पोरांना शिकवलं. शिवाजी विद्यापीठात आजही ही योजना आहे, मी तिच्यातूनच शिकलो. महापुराचं काम काही दिवसांचं असतं, ते घरचं खाऊन होतं. हे दोन महिने रोज दुपारी 2 ते रात्री 9 आहे. फुकटच करायचं ठरलं तर ज्यांच्या घरी मे महिन्याच्या पगाराची गरज नाही, तीच पोरं येतील.

हक्काचं धान्य :
माझा विरोध मानधनाला नाही, कामाच्या दिशेला आहे. 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डावर 35 किलो धान्य मिळतं, आणि 2023 पासून ते मोफत आहे. तरीही किती कुटुंबांची नावं रेशन कार्डात नाहीत, किती जणांचे अंगठे रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाहीत! शिकलेल्या मुलीनं पुऱ्या वाटण्यापेक्षा दोन महिने लोकांचे रेशनचे अर्ज भरले, तर त्यांना पुढं वर्षानुवर्षं धान्य मिळेल. उरलेलं अन्न आज पोट भरतं, उद्याचं काय? आणि हक्काचं माणसाला दान म्हणून घ्यायला लावणं मला फार लागतं.

मंगळवारपेठेतली आई :
तुमचा मुद्दा मी मुलीला वाचून दाखवला. तिनं जे सांगितलं ते लिहिते.

सीपीआरला पेशंटबरोबर आलेली माणसं राधानगरी, गडहिंग्लज, कोकणातून येतात, निपाणीकडूनही येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांकडं कार्ड आहे, घरी तांदूळही आहे. पण इथं चूल कुठं आहे? पंधरा-पंधरा दिवस फरशीवर झोपायचं, औषधाला पैसे राखायचे आणि चहा-बिस्किटांवर भागवायचं. 2020 साली सरकारची 10 रुपयांची शिवभोजन थाळी निघाली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात, पण ती दुपारची. संध्याकाळचा प्रश्न तसाच राहतो. गगनबावड्याकडची एक आजी रोज अर्धंच खायची आणि उरलेलं फडक्यात बांधून सकाळसाठी ठेवायची. मे महिन्यात भात सकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून आता मुलगी तिच्यासाठी दोन भाकरी वेगळ्या नेते. ते माझ्या घरचं असतं, त्याचा कुठं हिशेब नाही.

वाटताना फोटो काढायचा नाही, हाही तिचाच नियम.

तीस वर्षं आचारी :
मला मोठ्या गोष्टी कळत नाहीत, पातेल्यातलं कळतं. उरलेलं जेवण वाटणं जोखमीचं काम आहे. मठ्ठा, बासुंदी, खोबऱ्याचं वाटण घातलेली भाजी या उन्हात लगेच बिघडते. मसालेभात गरम असताना दाबून भरला की आतून आंबतो, वरून कळतही नाही. 2019 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, या वाटपाचे नियमच केलेत. गरम ठेवायचं तर 60 अंशांच्या वर, गार ठेवायचं तर 5 च्या खाली. तुमच्या पोरीला हे शिकवलंय का?

दुसरं सांगतो. पूर्वी हौसेची पोरं यायची. फोन केला की "येतो" म्हणायची, चार वाजले तरी पत्ता नसायचा. एकदा दोनशे पानांचा भात मी स्वतः उकिरड्यावर ओतलाय. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मानधनावरचं माणूस वेळेवर येतं, त्याला जाब विचारता येतो. म्हणून माझं मत, द्या पैसे.

मंगळवारपेठेतली आई :
शिकवलंय दादा. पंगतीत वाढलेलं घेत नाहीत, हात न लागलेलंच घेतात. दुधा-दह्याचं अजिबात नाही. प्रत्येक डब्यावर भरल्याची वेळ लिहितात.

जुना बुधवार, निवृत्त शिक्षक :
दोनशे पानांच्या भाताचं वाचून थांबलो. वक्तशीरपणाचा मुद्दा मी धरला नव्हता, तो मान्य. तरी पैसे घेऊन केलेल्या कामाला मी सेवा म्हणणार नाही. नोकरी म्हणा, चांगली नोकरी म्हणा. पण ताई, तुमच्या सासऱ्यांनी हे पोरीला ताटावर विचारायला नको होतं. तिला म्हणावं, पैसे परत करू नकोस.

हक्काचं धान्य :
चुलीचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पण ज्यांच्याकडं कार्डच नाही, अशी माणसं त्या रांगेत असणारच. शनिवारी संध्याकाळी मी अर्ज घेऊन येते. वाटप झाल्यावर तासभर तिथं बसू द्याल का?

मंगळवारपेठेतली आई :
या की. साडेसातला स्टँडजवळ टेम्पो उभा असतो.

तीस वर्षं आचारी :
गुरुवारी माझी दोन लग्नं आहेत, शिरोली आणि कसबा बावडा. पोरीला साडेतीनला शिरोलीत पाठवा. घट्ट झाकणाचे डबे जास्त आणायला सांगा, मागच्या खेपेला कमी पडले.