मदत हवी आहे: रायफलला स्कोप माउंट, बजेट कमी, लवकर सांगा

भिरभिरा:
मंडळी, रायफलसाठी चांगला स्कोप माउंट (दुर्बीण रायफलवर धरून ठेवतो तो) सुचवा, बजेट कमी आहे पण भंगार नको. आत्ता जो आहे तो टिकत नाही, झीरो करायचं (नेम जुळवायचा) आणि थोडे शॉट झाले की सगळे परत भलतीकडे, वैताग आलाय नुसता. स्कोप चांगला आहे, त्याबद्दल काही सांगू नका. रविवारच्या आत काम व्हायला हवं. कुठला घेऊ?

लोखंडवाला:
स्टीलचा घे. अ‍ॅल्युमिनियमच्या नादी लागू नकोस. माझ्या स्टीलच्या रिंगा कित्येक वर्षं .३०८ च्या काडतुसाच्या रायफलवर बसल्यात, जागच्या हललेल्या नाहीत.

नेमबाज_काका:
अरे बाबा, रायफल कुठली? फायरआर्म की एअर? एअर असेल तर स्प्रिंगवाली का पीसीपी (आधीच हवा भरून ठेवायची)? रेल, म्हणजे माउंट बसायची जागा, पिकाटिनी, वीव्हर (दोन्ही आडव्या खाचांच्या) का डव्हटेल (बाजूंना लांब खाचांची)? स्कोपची नळी २५.४ मिमी की ३०? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

भिरभिरा:
एअर रायफल आहे, ब्रेक बॅरल, बॅरल मोडून कॉक करायची. नळी १ इंच. रेल म्हणजे वरती दोन बाजूंना बारीक खाचा आहेत तेवढंच. मॉडेल सांगा फक्त.

नेमबाज_काका:
मग सगळंच बदललं. ब्रेक बॅरल म्हणजे बहुतेक स्प्रिंगर, आणि खाचा म्हणजे ११ मिमी डव्हटेल. स्प्रिंगरला दोन धक्के असतात, पिस्टन पुढे सुटला की रायफल मागे येते आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की तीच रायफल एकदम पुढे झटका खाते. हा दुसरा झटका जास्त करकरीत असतो. रायफल पुढे जाते, स्कोप आहे तिथेच राहू बघतो, म्हणून माउंट रेलवर हळूहळू मागे सरकतो. तुझ्या माउंटच्या पुढे रेलवर घासल्याची चकचकीत रेघ दिसते का बघ.

शांत_श्वास:
मुळात एअर रायफलला स्कोप हवाच कशाला? ऑलिंपिकची १० मीटर एअर रायफल पीप साइटवरच (बारीक भोकातून बघायची साइट) मारतात, तिथे स्कोप चालतच नाही. पीप लाव, डोळा तयार होतो.

भिरभिरा:
शांत_श्वास, मी ऑलिंपिकला नाही चाललो हो, माउंट विचारलाय.
काका, रेघ आहे! बोटाच्या पेराएवढी चकाकतेय, बाकी रेल काळी आहे. म्हणजे माउंटच खराब ना?

लोखंडवाला:
तेच म्हणतोय, स्टील घे. आणि पिकाटिनी अ‍ॅडॉप्टर टाकून पिकाटिनी रिंगा लाव. वीव्हर नको, त्याच्या खाचा ४.५७ मिमीच्या आणि पिकाटिनीच्या ५.२३, वीव्हरची रिंग पिकाटिनीवर बसते पण उलटं नाही जमत.

नेमबाज_काका:
लोखंडवाला, .३०८ चा धक्का मोठा असला तरी मुख्यतः एकाच दिशेचा, त्याचा अनुभव इथे नका लावू. अ‍ॅडॉप्टर म्हणजे सरकायला अजून एक जोड, वर उंची वाढली की गालाला स्टॉक लागत नाही. इथे धातूपेक्षा अडसर महत्त्वाचा. भिरभिरा, रेलच्या मागच्या टोकाला वरून बारीक भोकं आहेत का? ती स्टॉप पिनसाठी असतात. माउंटच्या खालून निघणारी पिन त्या भोकात बसली की माउंट मागे जाऊच शकत नाही. पैसे थोडे असतील तर ब्रँड नको बघू, वन-पीस (दोन्ही रिंगा एकाच तुकड्यावर), स्टॉप पिन असलेला आणि रिंगेच्या प्रत्येक वरच्या कॅपला ४ स्क्रू असलेला बघ.

चिमटा:
पिन नसली तरी चालतं. बीकेएल कंपनीचे माउंट नुसत्या पकडीवर धरून राहतात. रेल आणि माउंटचा जबडा दोन्ही स्पिरिटने पुसायचं, तेलाचा थर राहिला तर कुठलाही माउंट सरकणारच.

भिरभिरा:
भोकं आहेत, तीन, मी आजवर ती कशाला आहेत ते बघितलंच नव्हतं. आत्ताच्या माउंटला पिन नाही, टू-पीस आहे. अजून एक, २५ मीटरवर स्कोपचा वरचा, उंचीचा नॉब पूर्ण फिरवला तरी छर्रा साधारण ८ सेंमी खालीच लागतो. तो वेगळा प्रॉब्लेम आहे ना?

नेमबाज_काका:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! ब्रेक बॅरलची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते, त्याला ड्रूप म्हणतात. आणि नॉब शेवटापर्यंत गेला की आतल्या स्प्रिंगचा जोर कमी पडतो, मग माउंट पक्का असूनही झीरो भटकतो. तुझे दोन्ही आजार एकत्र आहेत. मागून उंच असलेला ड्रूप माउंट घे, नाहीतर अ‍ॅडजस्टेबल.

चिमटा:
मागच्या रिंगखाली पट्टी सरकव ना. रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर ०.१ मिमीची पट्टी २५ मीटरवर २.५ सेंमी वर नेते. ८ सेंमीला ०.३ च्या आसपास. फुकटात काम.

नेमबाज_काका:
०.१ पर्यंत ठीक. ०.३ घातलंस तर दोन रिंगा एका रेषेत राहत नाहीत, स्कोपच्या नळीवर पीळ येतो, रिंगेच्या कडेचा वळ उठतो. चांगला स्कोप आहे म्हणतोय तो, का खराब करायचा?

चिमटा:
माझ्याकडे दोन रायफलींवर पट्ट्या आहेत, काही झालं नाही.

लोखंडवाला:
आणि स्क्रूंना लॉकटाइट (स्क्रू ढिले न होऊ देणारा गोंद) लाव भरपूर.

नेमबाज_काका:
कॅपच्या स्क्रूंना अजिबात नको. ओल्या आट्यांवर त्याच टॉर्कला (आवळायच्या जोराला) पकड जास्त बसते, नळी चेपते. कॅपला कोरडे, साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, आडवेतिडवे थोडे थोडे करत, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. खालच्या जबड्याला माउंटवाल्याने दिलेला आकडा. उंचीचं पण बघ, स्कोपच्या पुढच्या भोंग्याचा बाहेरचा व्यास ५० मिमी असेल तर रेलच्या वरून नळीच्या मध्यापर्यंत २६-२७ तरी हवं, नाहीतर भोंगा टेकेल.

शांत_श्वास:
पीपला यातलं काहीच लागत नाही.

भिरभिरा:
भोंगा मोजला, ४८ भरला. पिनवाला वन-पीस ड्रूप माउंट सापडलाय, मध्याची उंची २८ लिहिलीये, पण रविवारनंतर येईल. तोवर नॉब मधे आणून खालीच लागू देतो. काका, पिन तीनपैकी कुठल्या भोकात टाकायची, सगळ्यात मागच्या का?

नेमबाज_काका:
आधी डोळ्याचं अंतर बघ. नेहमीसारखा गाल टेकव, चित्र पूर्ण गोल दिसेल तिथे स्कोप आला पाहिजे, त्याला जे भोक जुळेल ते. थोडंफार स्कोप रिंगेत पुढेमागे करूनही जमतं. आणि पिन भोकात उतरल्यावर माउंट मागे ओढून टेकव, मग जबडा आवळ.