मदत हवी आहे: धमक्या येत असताना सगळं जाहीर करावं की गप्प राहावं?

नमस्कार. माझी एक जवळची मैत्रीण खाणीविरोधातल्या लढ्यात सुरुवातीपासून आहे. कागदपत्रं मिळवणं, हरकती नोंदवणं, बैठका लावणं, बहुतेक सगळं तीच बघते. हल्ली तिला अनोळखी नंबरांवरून फोन येतात. आधी नुसती दमदाटी असायची. आता फोनवरचा माणूस तिची मुलं किती वाजता घरी येतात ते सांगतो. म्हणून हा धागा काढतेय.

आमच्यात दोन तट पडलेत. काही म्हणतात, सगळं जाहीर करा. नाव जितकं मोठं, तितकं कुणी हात लावायला धजत नाही. बाकीचे म्हणतात, तूर्त शांत राहा. मला पहिलं पटत होतं, पण जुनी प्रकरणं वाचून धीर सुटलाय. ब्राझीलमध्ये जंगलतोडीविरुद्ध लढणाऱ्या चिको मेंडिस यांना 1987 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला होता, घरी पोलिसांचा पहारा होता, तरी 22 डिसेंबर 1988 ला घरातच त्यांना गोळी घातली. होंडुरासच्या बेर्ता कासेरेस यांना पर्यावरणासाठी लढणाऱ्यांना दिला जाणारा 2015 चा गोल्डमन पुरस्कार मिळाला होता. त्यांना संरक्षण द्या, असं आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने सरकारला आधीच कळवलं होतं. मार्च 2016 मध्ये त्यांचीही घरात घुसून हत्या झाली.

पण गप्प राहिल्याने कुणी वाचतं, असंही दिसत नाही. ग्लोबल विटनेस या संस्थेने 2012 ते 2023 या काळात जमीन आणि पर्यावरणासाठी लढणाऱ्यांच्या 2,100 हून जास्त हत्या नोंदवल्यात. त्यातली बहुतेक नावं आपल्या कानावरही आलेली नाहीत.

मला वाटतं, खरा धोका सगळं काम एकाच माणसावर टेकलेलं असण्यात आहे. तिला हटवलं की विषय संपला, असं समोरच्यांना वाटता कामा नये. म्हणून कागद चार जणांकडे ठेवायचे, पत्रांवर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, असं सुचवलंय. हे कुणी करून पाहिलंय का? की त्याने बाकीचेही धोक्यात येतात?

दुसरं, प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकांना लिहिण्याबद्दल. बेर्ता ज्या आग्वा सार्का धरणाविरुद्ध लढल्या, त्यातून नेदरलँड्स आणि फिनलंडच्या वित्तसंस्था 2017 मध्ये बाहेर पडल्या, पण तोवर बेर्ता गेल्या होत्या. आम्हाला हे आधी करायचंय. तक्रारदाराचं नाव कंपनीपर्यंत पोहोचणार नाही, अशी तक्रार करता येते का? अनुभव असेल तर तपशिलात लिहा.

फ्रंट लाइन डिफेंडर्ससारख्या संस्था काही काळ दुसरीकडे राहण्यासाठी मदत करतात, हे ठाऊक आहे. अडचण अशी की ती जायला तयार नाही. ‘मी गेले तर लोक काय समजतील?’ म्हणते. निदान मुलांना तरी हलवावं, यासाठी तिचं मन कसं वळवू?

धमक्यांची नोंद (तारीख, वेळ, नंबर, शब्द) मी ठेवायला लागलेय. त्यात आणखी काय असावं, हे एखाद्या वकिलाने सांगितलं तर फार बरं होईल. ठिकाण आणि नावं कृपया इथे विचारू नका.