मदत हवी आहे: ट्रान्स चित्रपट महोत्सवाचं ऑनलाइन तिकीट, घरचा टीव्ही आणि ८१ वर्षांच्या सासूबाई

नमस्कार मंडळी. मी इथे वाचते खूप, लिहिते कमी. नाशिकरोडला राहते. प्रश्न तसा तांत्रिक आहे, पण थोडं घरचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नोव्हेंबरच्या मध्यात एक ट्रान्स चित्रपट महोत्सव आहे. थेटरातही खेळ आहेत आणि ऑनलाइनही. त्यातल्या अकरा मिनिटांच्या एका तमिळ फिल्मचं साउंडचं काम माझ्या मुलाने केलंय. तो पुण्याला असतो. चार वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही त्याला मुलगी म्हणत होतो. मग फोनवर "मी येते आई"चं "मी येतो आई" झालं. सासूबाईंनी तेव्हा "ही काय कोल्हापूरची झाली का?" म्हणून हसण्यावारी नेलं. (तिकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात.) मराठीत क्रियापदच चुगली करतं हो. इंग्रजीत त्याला वर्षभर तरी निभावून नेता आलं असतं, आपल्याकडे दुसऱ्याच शब्दाला माणूस पकडला जातो. आता मी आणि हे 'तो'च म्हणतो. सासूबाई गाळलेल्या जागा ठेवून बोलतात: "जेवण झालं का? झोप लागते का?" कर्ता कुठेच नाही!

तर अडचणी अशा. तिकीट काढायला गेले तर कार्ड तीनदा नापास झालं. खात्यात पैसे आहेत. खेळ तिकडे शुक्रवारी संध्याकाळी सातला आहे, तो आपल्याकडे नक्की कधी? फिल्म लॅपटॉपवरून टीव्हीवर कशी घ्यायची? खाली अक्षरं इंग्रजीत, सासूबाईंना इंग्रजी येत नाही. आणि आमच्या सोसायटीचा हॉल रविवारी मोकळा असतो. दीर-जाऊबाई, नणंद, ह्यांचे प्रेसमधले दोन मित्र अशा वीस-पंचवीस जणांना बोलावून एका तिकिटात दाखवलं तर चालेल का? मनात असं आहे की एकेकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांनी बघावं, वर चहा-चिवडा.

— जेलरोडची आई

गंगापूररोडकर: कार्ड बिघडलेलं नाही. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, आणि जुनं कार्ड ऑनलाइन कधीच वापरलं नसेल तर तेही बंद केलं होतं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये 'इंटरनॅशनल' आणि 'ऑनलाइन' दोन्ही चालू करा, छोटी मर्यादा घाला, तिकीट काढून झालं की परत बंद.

वेळ: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर फरक साडेतेरा तासांचा. तिकडचे शुक्रवार संध्याकाळचे सात म्हणजे आपले शनिवार सकाळचे साडेआठ. पण ऑनलाइन खेळ ठरल्या वेळीच बघायचा आहे की नंतर काही दिवस केव्हाही बघता येतो, ते तिकिटाच्या पानावर वाचा. आणि भारतातून दिसेल का तेही. काही फिल्म ठराविक देशांपुरत्याच असतात. पैसे भरण्याआधी बघा, नंतर नाही.

टीव्हीला सरळ एचडीएमआय केबल. मोबाइलवरून स्क्रीन टाकू नका, कॉपी होऊ नये म्हणून अशा साइटवर बरेचदा आवाज येतो आणि चित्र काळं. मुलाने साउंड केलाय म्हणून तेही चालेल म्हणा :)

सिडकोतला वकील: हॉलचं मात्र जरा थांबा. ते तिकीट घरात बसून बघण्यासाठी असतं. हॉलमध्ये पंचवीस जणांना दाखवणं हे प्रदर्शन झालं, त्याला फिल्मच्या मालकाची लेखी परवानगी हवी. चहा-चिवडा फुकट असला तरी. शिवाय आपल्याकडे १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. मोठे महोत्सव त्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. तुम्ही एवढ्या भानगडीत कशाला पडता? बैठकीच्या खोलीत घरचे लोक, विषय संपला.

पंचवटीकर: सासूबाईंचं माहेर कुठलं? त्र्यंबकच्या बाजूच्या असतील तर फाळक्यांपासून सुरुवात करा. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे केले. आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! लोकांनी हात जोडून पाहिलं.

मी_इथलाच: मीही ट्रान्स पुरुष आहे, नाशिकचाच. पंचवटीकर, गोष्ट छान आहे, पण साळुंके नट होते. संध्याकाळी साडी उतरवून घरी जायचे. ताईंचा मुलगा कुठली भूमिका करत नाहीये. आजींना हे दोन्ही एकच वाटलं तर 'मग पुरे आता नाटक' असं त्या म्हणू शकतात. माझ्या मावशीने म्हटलं होतं.

ताई, तुम्हाला एक विचारू का? राग मानू नका. हे वीस-पंचवीस जणांचं मुलाला सांगितलंय का? महोत्सव आपल्या लोकांचा असतो. सॅन फ्रान्सिस्कोत असा एक १९९७ पासून भरतो, आणि ऑनलाइन खेळामुळे माझ्यासारखा माणूस इथे खोलीचं दार लावून ते बघू शकतो. कुणाला कळवायचं ते त्या दाराआडच्या माणसाने ठरवायचं. तुमच्या जाऊबाईंना तो कधी सांगणार, हे त्याचं आहे. फिल्म अकरा मिनिटांची आहे, नातेवाईक जन्मभराचे.

जेलरोडची आई: राग नाही आला. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण खरंच विचारलं नव्हतं. काल फोन केला. आधी गप्प झाला, मग म्हणाला, "काकूला आणि प्रेसवाल्या काकांना नको. आत्याला मी स्वतः सांगतो. आजीला दाखव, पण मी असताना."

हॉल रद्द. कार्ड चालू झालं, गंगापूररोडकर, शतशः आभार. फिल्म भारतात दिसते, आणि तीन दिवस केव्हाही बघता येते, त्यामुळे साडेआठची घाई नाही. बरंच झालं, सासूबाईंची पूजा साडेनऊपर्यंत चालते. माहेर त्र्यंबकचंच आहे, पण फाळक्यांना आता मध्ये आणत नाही. अक्षरं तो शेजारी बसून मराठीत वाचून दाखवणार आहे. तो शनिवारी येणार हे कळल्यावर सासूबाईंनी विचारलं, "किती वाजता पोचणार?" कर्ता अजून नाहीच. पण डिंकाचे लाडू करायला घेतलेत.

एकच राहिलं. लॅपटॉप सोफ्यापाशी ठेवला तर टीव्ही साधारण बारा फुटांवर येतो. एवढी लांब केबल चालते का, की चित्र अडकतं? आणि नाशिकरोडला बरी कुठे मिळेल?